बर्फाचं ब्लेड, धानाची बांधी

आमच्या गावात धान कापून झालं की नाटक होतं, आणि ते दरवर्षी माझ्या वहिनीच्या बांधीत होतं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. आमच्या मूल तालुक्याच्या पट्ट्यात शेताला शेत कोणी म्हणत नाही. ही बांधी आमच्या घरांच्या मागे लागूनच आहे, अन् गावातली सगळ्यात मोठी आहे. माझ्या थोरल्या भावानं हौसेनं हा शिरस्ता पाडला. भाऊ गेला, बांधी वहिनीकडे आली, शिरस्ता तसाच राहिला. नाटकाच्या निमित्तानं गावातल्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकी जुळतात. ज्याच्या घरी एकही पाहुणा उतरला नाही, तो माणूस मग चार दिवस चौकात यायला लाजतो.

पण सपाट बांधीत नाटक दिसत नाही. समोरच्याचा दुपट्टा मागच्याच्या डोळ्यात. म्हणून स्टेजजवळची माती खरवडून मागे ढकलायची, समोर खोल आणि मागे उंच असा उतार काढायचा. नाटक झालं, की तीच माती परत ओढून बांधी होती तशी सपाट करून द्यायची, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात अर्ध्या बांधीत पाणी अन् अर्धी कोरडी. पूर्वी हे काम सारं गाव फावड्या-घमेल्यानं करायचं. गेली काही वर्षं ते माझ्या ट्रॅक्टरकडे आहे.

ट्रॅक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर जे येतं ते माझ्याकडे नाही. माझा ट्रॅक्टर काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत चालायचा, दोन झाडांच्या मधून निघावा एवढाच. तो जुना घेऊन आलो तेव्हा गावानं माझी काय थट्टा केली! "भाऊ, याले रात्री घरात बांधता का, का बाहीरच?" एकानं तर पेंढी आणून त्याच्या तोंडापुढे ठेवली होती. मला राग यायला वेळ लागत नाही. मी पेंढी उचलली, त्याच्याच डोक्यावर आपटली.

त्या ट्रॅक्टरला पुढं ब्लेड लावायची अक्कल मला मोबाईलनं दिली. एका व्हिडिओत परदेशातला कोणी म्हातारा होता. कानटोपी, हातमोजे, तोंडातून वाफा. तो अगदी माझ्यासारख्याच बुटक्या ट्रॅक्टरवर बसून घरासमोरचा बर्फ ढकलत होता. बर्फ मी फ्रिजच्या वरच्या खणात सोडून कुठं पाहिलेला नाही. पण पुढच्या ब्लेडवरून तो बर्फ जसा वळून बाजूला पडत होता ते पाहून मी बायकोला ओरडून सांगितलं, "अवो, हे तं आपल्या मातीचं काम आहे!" ती म्हणाली, "ओरडता काऊन? मी इथीच आहो."

मूलला एक वेल्डिंगवाले मिस्त्री आहेत. आम्ही त्यांना मिस्त्रीभाईच म्हणतो. पोट सुटलेलं, दाढी मेंदीनं रंगवलेली, अन् तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझा मोबाईल त्यांनी हातात घेतला आणि तो व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिला. "बन जायेगा," म्हणाले. खरंच बनलं. जुनी जाड लोखंडी चादर वाकवून त्यांनी तसंच्या तसं ब्लेड केलं. फक्त त्या म्हाताऱ्याच्या ब्लेडमागे दोन जाड स्प्रिंगा होत्या, त्या आमच्यात नव्हत्या. त्या शोभेच्या आहेत, असं आमच्या दोघांपैकी एकजण म्हणाला होता. मिस्त्री म्हणतात मी. मी म्हणतो मिस्त्री. हा वाद अजून मिटलेला नाही.

गेल्या हंगामात मात्र नाटकाचं प्रकरण नुसतं मातीचं राहिलं नव्हतं. वहिनीची एकुलती एक पोरगी, माझी पुतणी, चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती. दिवाळीच्या आधी तिनं ते सोडलं, आणि वडशाच्या एका नाटक कंपनीत गेली. विचारलं नाही, सवरलं नाही. तिथं पोहोचल्यावर फोन केला. वहिनीनं फोन ऐकला, ठेवला, आणि त्या दिवसापासून पोरीशी बोलणं टाकलं. गावातल्या बायांना काय, आयता विषय मिळाला. आमच्याकडे नाटक पाहायला माणसं जीव टाकतात, पण स्टेजवरची बाई ही दुसऱ्याची लेक असावी लागते. वहिनी नळावर जाईना, मंडईला जाईना. इतकी वर्षं एकटीनं धान काढून, भारे डोक्यावर वाहून जी मान ताठ ठेवली होती, ती खाली घालून चालायला लागली. मला ते पाहवत नव्हतं.

अन् त्यात वडशाच्या त्याच कंपनीचं नाटक आमच्या गावाला लागलं.

पोरीचा मला फोन आला. "काका, आपल्या गावात लागलं नाटक. आपल्याच बांधीत ना?"

"नाही तं कुठी?"

मग म्हणाली, "काका, आई येईल ना पाहायला? तिनं एक डाव पाहिलं ना, मंग ती काहीही म्हणू दे. नाई पाहिलं तं मी घरी कोणत्या तोंडानं येऊ?"

आता माझी जीभ. "येईल म्हंजे काय? तिच्या बांधीत नाटक अन् ते येणार नाई? मी आणतो. तू फिकर नको करू."

फोन ठेवला आणि वहिनीकडे गेलो. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं. तिनं सूप थांबवलं नाही.

"बांधी घ्या," ती म्हणाली. "बांधी गावची आहे. मी राजुऱ्याले बहिणीकडे जातो त्या दिवशी."

"वयनी, तुमची पोरगी आहे ते."

"म्हणूनच जातो." आणि पुन्हा सूप. फटक, फटक, फटक. मी परत आलो. दारात तिची बॅग आधीच भरून ठेवलेली होती, ती येताना दिसली.

तरी मनात एक आशा होती. बांधी घरामागे. नाटक तिथं झालं तर माणसाचं मन ऐन वेळी पालटू शकतं. दहा पावलं चालून धुऱ्यावर आलं की झालं. दुसरीकडे झालं तर संपलं, मग ती मेली तरी जाणार नाही.

नाटक परवावर आलं तेव्हा मी ट्रॅक्टर बांधीत घातला. धसकटं आधीच फणानं उकरून माती मोकळी केली होती. ब्लेड खाली टेकवलं, समोरच्या बाजूनं ओढ घेतली, माती छान वळून पुढं लोटत चालली. मी खुशीत होतो. अन् खाडकन्! सगळा ट्रॅक्टर मागून उचलला गेला, मी स्टिअरिंगवर छातीनं आपटलो, आणि खालून लोखंड फाटल्याचा असा आवाज आला की शेजारच्या धुऱ्यावरची कुत्री पळाली.

खाली उतरून पाहतो तर मातीतून लोखंडी पाइपाचं तोंड वर आलेलं. मग डोक्यात उजेड पडला. आदल्या वर्षी स्टेज हलतं म्हणून आम्ही गावकऱ्यांनीच चार पाइप खोल गाडले होते. नाटक झाल्यावर ते निघेनात. सकाळ झालेली, सारे जागरणानं झिंगलेले, पाहुण्यांना बसमध्ये बसवायची घाई. नाटक मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "वीतभर खालून कापा, वर माती ओढा, पुढच्या साली कामात येतील." आम्ही सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना हलवल्या, पाइप कापले, माती ओढली आणि विसरलो. चिखलणीची फणं तेवढ्या खोल गेली नाहीत म्हणून कोणाला कळलं नाही.

ब्लेडची खालची धार हातभर फाटली होती. ज्या दांड्यांवर ते बसलं होतं त्या दोन्ही पिळल्या होत्या, आणि ट्रॅक्टरच्या पोटाखालची पट्टी वाकली होती. मी तिथंच धसकटात बसलो आणि अध्यक्षांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात अध्यक्ष स्वतःच आले.

"बाप्पा! आता कसं?"

"कसं काय कसं? तुमचे पाइप कामात आले ना!"

"भाऊ, भांडत बसायची वेळ नाई. पलीकडच्या गावाचा फोन येऊन राह्यला सकाळपासून. त्यांचं मैदान तयार आहे. म्हणते, तुमचं जमत नसन तं नाटक आमाले द्या. आपण जेसीबी बोलावू का?"

जेसीबीचं नाव निघालं आणि मागच्या दारातून वहिनी बाहेर आली. ऐकतच होती म्हणजे. "जेसीबी माह्या बांधीत घालायचा नाई," ती म्हणाली. "खालची माती वर अन् वरची खाली करते ते. दहा वर्ष धान होणार नाई इथी."

"मंग माणसं कुठून आणू बाई? सारे मळणीले लागले," अध्यक्ष म्हणाले.

"ते तुमचं तुमी पाहा. नाईतर द्या नाटक त्या गावाले." आणि दार लावलं.

अध्यक्ष माझ्याकडे पाहून राहिले. मी म्हटलं, "उद्या अंधार पडायच्या आत मैदान करून देतो. नाई दिलं तं खुशाल द्या नाटक." आणि मिस्त्रीभाईंना फोन लावला.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळीच आपल्या मालवाहू ऑटोत वेल्डिंगची छोटी मशीन, गॅसची टाकी आणि भंगाराचं एक पोतं टाकून हजर झाले. पट्टी ट्रॅक्टरच्या अंगावरच सरळ करायची होती, म्हणून काम बांधीतच करणं भाग होतं. करंट जवळ फक्त वहिनीच्या घरात. मी दाराशी जाऊन खाकरलो.

"घ्या करंट," ती आतून म्हणाली. "मले काय."

तिच्या स्वयंपाकघरातून वायर काढली. मिस्त्रींनी ब्लेडभोवती एक चक्कर मारली, फाटलेल्या धारेला बोट लावलं, पाइपाला लाथ मारली आणि माझ्याकडे वळले.

"स्प्रिंगा असत्या तं हे झालं नसतं."

"मीच तं म्हणत होतो, स्प्रिंगा लावा!"

"तुमी? तौबा! तुमी म्हणले, मिस्त्री, शो आहे तो, काऊन लोखंड वाया घालवता!"

दोघांचा आवाज चढला. मग मिस्त्रीच पोट धरून हसले. "चला भाऊ, झगडा नंतर. आज लावून देतो." पोत्यातून त्यांनी दोन जाड स्प्रिंगा काढल्या, भंगारातल्या मोटरसायकलच्या शॉकअपच्या. तेव्हा मला त्या परदेशी म्हाताऱ्याच्या स्प्रिंगा कळल्या. ब्लेड बिजागरीवर ठेवायचं. खाली दगडबिगड आडवा आला की ब्लेडनं मागे मुडपायचं, अडथळा गेला की स्प्रिंगांनी त्याला पुन्हा उभं करायचं. बर्फाखाली काय दडलंय ते दिसत नाही, म्हणून तिकडं लावत असावेत. आम्हाला तर मातीखाली काय दडलंय ते ठाऊक होतं, आम्हीच दडवलं होतं, आणि तरी आम्ही स्प्रिंगा शोभेच्या ठरवल्या होत्या.

मी उरलेले पाइप उकरायला घेतले. मिस्त्रींनी गॅसनं दांड्या लाल केल्या, घणाचे घाव घालून सरळ केल्या. फाटलेली धार कापून टाकली आणि तिथं ट्रकच्या कमानीचा पोलादी पाटा जोडायला बसले. ठिणग्या उडत होत्या, अन् तोंड चालूच.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. आमच्याशी तिचं काही असो, दारात आलेल्या कारागिराला चहा दिल्याशिवाय ती राहणारी नाही. मिस्त्रींनी तोंडावरची काळी काच वर केली, कप घेतला, खूश झाले.

"बाई, बांधी तुमची ना? नसीबवाल्या आहा तुमी. काय नाटक आहे हे! मी तीन गावी जाऊन पाह्यलं."

मी पाइपाच्या खड्ड्यातून मान वर केली. वहिनी कोणाची कोण हे मिस्त्रींना माहीत नव्हतं.

"यंदा एक नवी पोरगी आली कंपनीत," ते सांगायला लागले. "काय काम करते, काय आवाज! आमची बेगम दुसऱ्या अंकात रडायला लागली ते घरी येऊन पण चूप होईना. सकाळी उठून पहिले आपल्या आईले फोन लावला तिनं."

मी मोठ्यानं खोकलो. मिस्त्रींकडे पाहून डोळे मोठे केले, मान हलवली, हातातली सब्बल, चांगली जड पहार, मुद्दाम पायावर पाडली.

"काय झालं भाऊ? डोळ्यात कचरा गेला का? मी सांगून राह्यलो ना, ठिणगीकडे पाहू नका!"

वहिनी हलली नाही. रिकामा ट्रे तिनं छातीशी धरला होता. "कशाचं काम करते ते?" तिनं विचारलं.

"सुनेचं. लई सोसते बिचारी. शेवटी मरते."

"मरते?"

"नाटकात, बाई."

"ते समजते मले." तिचा आवाज असा आला की मिस्त्रींनी पटकन चहाचा घोट घेतला. पण थांबतील तर मिस्त्री कसले. "पण शेवट वाया जाते बाई. ते खाली पडते, अन् पडल्या पडल्या गाणं म्हणते. समोरच्याले दिसते. मागच्याले काहीच नाई, पडली की गायब. मागचे उठून उभे राह्यते, त्यांच्या मागचे शिव्या देते, साऱ्या गाण्याचा सत्यानाश."

"रोज मरते का?"

"सीझनभर. रोज मरते, रोज उठून दुसऱ्या गावी जाते."

"जेवते कवा?"

आता हा प्रश्न नाटकाच्या बाईबद्दल कोणी विचारत नाही. मिस्त्रींना तरी काही कळलं नाही. ते म्हणाले, "जेवणाचे हालच आहेत. माह्या दुकानापुढं थांबली होती कंपनी, गाडीचा पाटा तुटला होता. साऱ्यायले पोळी-भाजी वाटली. ही पोरगी पोळी हातात धरून बसली, म्हणे थोडासा भात नाई का कुठी? मी म्हटलं, बेटा, भात इथी कुठून आणू?"

"भात नसला तं झोप नाई लागत तिले," वहिनी म्हणाली. "लहानपणापासून."

बोलून गेली आणि थांबली. मिस्त्रींचा कप तोंडाजवळच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. घाम आलेलं ते मोठं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं.

"बाई... आपली पोरगी आहे ते?"

वहिनीनं कप परत घेतले, अर्धा भरलेला मिस्त्रींचा सुद्धा, आणि आत गेली. दार लावल्याचा आवाज मात्र आला नाही.

मिस्त्री माझ्यावर धावले. "भाऊ, पहिले सांगायचं ना! मी काय काय बोलून बसलो!"

"मी काय करत होतो मंग? नाचत होतो का इथी? सब्बल पायावर घेतली तुमच्यासाठी!" पाय खरंच सुजला होता. मला चीडही आली होती आणि आतून कुठंतरी वाटत होतं, की मी इतके दिवस डोकं आपटून जे करू शकलो नाही ते या बडबड्या माणसानं एका चहात केलं असेल. पण खात्री नव्हती. आम्ही दोघं मुकाट कामाला लागलो. मिस्त्रीभाई मुकाट काम करताना मी पहिल्यांदाच पाहिले.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा ब्लेड बसलं. मिस्त्री म्हणाले, चालून पाहिल्याशिवाय मी जात नाही. त्यांनी धुऱ्यावरचा एक चांगला जड धोंडा लोटत आणून मातीत अर्धा पुरला आणि मला हात केला. मी दात आवळून ट्रॅक्टर घातला. ब्लेड धोंड्यावर आदळलं, करकरलं, मागे मुडपलं, वरून सरकलं आणि पलीकडे जाऊन टण्णदिशी पुन्हा उभं राहिलं. मी छातीनं आपटलो नाही, जागचा हललो सुद्धा नाही. मिस्त्रींनी तिथंच टाळ्या वाजवल्या. मी पण ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. इतका आनंद मला ट्रॅक्टर घरी आणला तेव्हाही झाला नव्हता.

मग मी दुपारभर माती ढकलली. समोरून खरवडायची, मागे नेऊन टाकायची, उलटं यायचं, पुन्हा खरवडायची. अध्यक्ष येऊन पाहून गेले आणि पलीकडच्या गावाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. उन्हं कलली तेव्हा उतार झाला होता, दरवर्षी असतो तसा. मी ट्रॅक्टर बंद केला, पुढच्या रांगेच्या जागी घरची एक खुर्ची आणून ठेवली. वहिनीसाठी. मला नाही म्हणाली तरी खुर्ची राहू द्यायची, असं मी ठरवलं होतं. पोरगी स्टेजवरून निदान रिकामी खुर्ची तरी पाहील, काकानं आपल्या परीनं केलं म्हणेल.

तेवढ्यात वहिनी धुऱ्यावरून येताना दिसली. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. मिस्त्री ऑटोत सामान भरत होते, ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, वायर काढा म्हणायला आली असेल, उद्या घर बंद करून जायचंय.

ती खुर्चीपाशी थांबली. "हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी." मी म्हटलं. पुढं काही बोलायची हिंमत झाली नाही, आणि हे माझ्याबाबत क्वचितच घडतं.

"समोर नाई बसत मी," ती म्हणाली.

माझं तोंड उतरलं. तिनं ते पाहिलं असावं. खुर्ची तिनं उचलून बाजूला ठेवली आणि उतारावरून चढत मागे निघाली, अगदी मागे, जिथं मी शेवटची माती टाकली होती तिथवर. तिथं ती खाली बसली, पदर सावरून, पाहुण्या बाया बसतात तशी.

"समोर बसली तं तिचं ध्यान माह्याकडे जाईल," ती तिथून म्हणाली. "मंग बोलायचं इसरन. लहानपणी शाळेत कविता म्हणताना असंच झालं होतं, मले पाहून रडायला लागली होती. मी इथीच बसतो, मागं. तिले मी दिसली नाई पाह्यजे. मले ते दिसली पाह्यजे."

मी मान फिरवून ट्रॅक्टरचं झाकण उगाच पुसायला लागलो. ती येणार होती. राजुऱ्याला जाणार नव्हती, तिच्या बांधीत, तिच्या पोरीच्या नाटकाला ती येणार होती, आणि मी दिलेला शब्द माझ्या हातून नाही तर नाही, पण खरा होणार होता.

"मिस्त्रीभाई," वहिनीनं हाक मारली, "ते शेवटी पडते म्हणाले ना तुमी. कशी पडते?"

मिस्त्री हातातली वायर टाकून धावत स्टेजच्या जागेवर गेले. स्टेज उद्या लागणार होतं. आज तिथं दोन बाजा टाकून त्यावर फळ्या ठेवल्या होत्या, उंचीचा अंदाज यावा म्हणून. त्यांनी टोपी सारखी केली, एक हात कपाळाला लावला, दुसरा छातीवर ठेवला, सुनेसारखी मान टाकली आणि त्या फळ्यांवर आडवे झाले. बाजा करकरल्या. मला हसू आवरेना, डोळ्यातून पाणी वाहत होतं, कशाचं ते मीच सांगू शकत नाही.

"दिसते का, वयनी?" मी ओरडलो.

ती बसल्या जागी ताठ झाली, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली.

"मिस्त्रीभाईचं पोट दिसते," ती म्हणाली.

मेलेले मिस्त्री हसले, आणि पोट हललं.

"मंग झालं तं! दिसते ना!"

"मिस्त्रीभाईचं दिसते," वहिनी म्हणाली. "माही पोरगी बारीक आहे, भाऊजी. अजून माती टाका इथी."

मी ट्रॅक्टरवर चढलो आणि पुन्हा चालू केला.